हिलाल आबांचं 'सप्रेम'

भांड्यावर नाव घालण्यासाठी हातोडी उचलण्याआधी हिलाल आबा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे आणि शांतपणे विचारायचे, "प्रेम शे का?"

गिऱ्हाईक गांगरायचं. भाचीच्या नाहीतर मेहुण्याच्या लग्नात द्यायला त्यानं माझ्या भांड्यांच्या दुकानातून ताट घेतलेलं असायचं. माझ्याशी अर्धा तास घासाघीस करून, दोनदा उठून जाऊन आणि दोनदा परत येऊन घेतलेलं असायचं. आता त्यावर 'अमक्याकडून सप्रेम भेट' एवढं टोचून घ्यायचं आणि पाचची एस.टी. गाठायची, इतकंच त्याच्या डोक्यात. आणि हा म्हातारा ताट मांडीवर घेऊन, छिन्नी कानामागे खोचून विचारतोय, प्रेम आहे का.

"म्हणजे काय, आबा?"

"सप्रेम लिखानं शे ना? मंग प्रेम शे का नही, ते नको का इचारू?"

आबा मूळचे पिंपळनेरचे. 'आहे'ला 'शे' म्हणणारी आपली खानदेशी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. मी मात्र धुळ्यात दुकान घातल्यावर शेठलोकांसारखं बोलायला शिकलो. आबा चारचौघांत सांगायचे, "सुकलालनी बोली बदलली, कारन बोली बदलली का भाव बदलस." त्यात खोटं काही नव्हतं. पण गिऱ्हाइकासमोर सांगायची काय गरज होती?

बहुतेक लोक 'आहे, आहे' म्हणून मोकळे व्हायचे. उत्तर झटकन आलं तर आबा मान हलवून कामाला लागत. आवंढा गिळून आलं तर दुसरा प्रश्न येई, "शेवटलं कधी भेटनात?" तिथं गिऱ्हाईक अडखळलं की आबा ताटावर नुसतं 'भेट' घालत. 'सप्रेम' नाही. मजुरी तेवढीच.

त्या वेळी नाव घालायचं विजेचं यंत्र आमच्याकडे आलेलं नव्हतं. स्टीलसुद्धा नवलाईचं होतं; लग्नात पितळ आणि तांबंच चालायचं. छिन्नीचं टोक धातूवर टेकवायचं, हातोडीचा हलका ठोका द्यायचा, एक ठिपका उमटायचा. अशा ठिपक्यांना ठिपके जोडून अक्षर. आबांच्या ठिपक्यांत अंतर इतकं सारखं असायचं की अक्षर लांबून सलग रेघेसारखं दिसे. पारोळ्याच्या आठवडी बाजारात ते एका पोत्यावर बसून हे काम करायचे. मी त्यांना पाहिलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं पोतं उचलून माझ्या भांड्यांशेजारी आणून टाकलं. अक्षर पाहून आणलं. तो प्रश्न तेव्हा मला माहीत नव्हता.

एकदा एक बाई नणंदेच्या लग्नासाठी ताट घ्यायला आली. आबांनी नेहमीचं विचारलं. बाईनं आधी मागे वळून नवरा कुठे आहे ते पाहिलं. तो पानाच्या टपरीवर होता.

"खरं सांगू का, आबा? काडीचं नाही."

"मंग नुसतं भेट लिखू?"

"लिहा."

आबा ठोके घालत होते तोवर बाई माझ्या पोत्यावर बसून नणंदेच्या एकेक तऱ्हा सांगत होती. बोलता बोलता हसायला लागली. उठली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. तेवढ्यात नवरा आला, ताट वाचलं आणि म्हणाला, "सप्रेम कुठे आहे?"

"दुकानात संपलं होतं," बाई म्हणाली.

हे ऐकून हसू मलाही आलं, नाही असं नाही. पण आबांच्या खरेपणानं माझं जे नुकसान केलं त्यातलं एक मी अजून विसरलेलो नाही. पारोळ्यातले एक मारवाडी कापडव्यापारी होते, माणूस भला. धर्मशाळेला देण्यासाठी त्यांनी माझ्याकडून एक्केचाळीस तांबे ठरवले. एक्केचाळीस. सौदा ठरायला दोन बाजार लागले होते. शेठजी आबांच्या पुढ्यात बसले आणि मजकूर सांगू लागले, "वरती लिहा, गुप्तदान. खाली माझं नाव."

आबांनी छिन्नी खाली ठेवली. "शेठजी, गुप्त शे ना?"

"हो."

"मंग नाव कसं?"

शेठजी म्हणाले, "दान किती केलं ते गुप्त. कोणी केलं ते गुप्त ठेवून कसं चालेल? देवाला तरी कळायला पाहिजे."

"देवले वाचता येस का?"

"येत नसेल कसं?"

"मंग त्याले मनातलं बी वाचता येत व्हई."

तासभर दोघांचं चाललं. शेठजींना मजा येत होती, हे मला दिसत होतं. त्यांनी चहा मागवला, आबांनाही पाजला, देव या विषयावर दोघांनी बरंच काही बोलून घेतलं. मी मधे बसून एक्केचाळीस तांबे पुसत होतो. शेवटी शेठजी हसत उठले, आबांच्या पाठीवर थाप मारली, आणि तांबे समोरच्या दुकानातून घेतले. तिथल्या माणसानं काही विचारलं नाही. त्या धर्मशाळेत पाणी प्यायलो की माझा घसा अजूनही जळतो.

त्या दिवशी मी आबांना वाटेल ते बोललो. माझा आवाज चढला की शेजारचा मसालेवाला आपली चिमुकली पाटी आत ओढून घ्यायचा. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू सगळं बोलना. आते सांग, मी चुकनू कोठे?"

त्यांना हाकलून द्यायचं मी बऱ्याचदा ठरवलं. दिलं नाही, त्याला कारण दया नव्हे. धंद्यातलंच कारण होतं. अमळनेरकडे एका लग्नात मी आहेर मांडलेला पाहत होतो. नवऱ्या मुलाची आजी एकेक ताट उचलून काठाशी डोळे नेत होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं शेजारणीला विचारलं, "यावर हिलालना हातनं सप्रेम शे का?" शेजारीण म्हणाली, "नही, नुसतं भेट." आजीनं ते ताट मागच्या ओळीत सरकवलं.

मी तिथंच समजलो. दुसऱ्याचं सप्रेम कोणालाही मिळत होतं, म्हणून त्याला किंमत नव्हती. आबांचं मिळेलच असं नव्हतं. परत आल्यावर ज्या भांड्यावर आबा सप्रेम घालत, त्याचा भाव मी कमी करणं बंद केलं. लोक देऊ लागले. काही तर आधी माणसाला भेटून, भांडण मिटवून मग ताट घ्यायला यायचे. आबांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्यावरही काहीतरी विचारलं असतं.

बाजारांच्या दिवशी आम्ही एस.टी.नं फिरायचो. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, कधी पुढे भुसावळपर्यंत. भांड्यांची बोचकी टपावर, आम्ही आत. प्रवासात आबांचं डोकं जास्त चालायचं. ते म्हणायचे, एस.टी.त माणूस घरापेक्षा खरं बोलतो, कारण शेजारचा उतरून जाणार असतो. ते म्हणायचे, कंडक्टर आणि मी एकाच धंद्यातले. तोही टोचतो, मीही टोचतो. पण त्याचं तिकीट बघ. कुठून, कुठे, किती. एवढंच सांगतं. तिकिटावर कोणी सप्रेम टोचून मागत नाही.

खिडकीच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. खिडकी एकट्याची नसते, असं ते मानत. अर्धा रस्ता एकानं बसावं, अर्धा दुसऱ्यानं. माझ्याबरोबर असले तर मधलं गाव आलं की उठून उभे राहत. मी झोपलेला असलो तर उठवून मला खिडकीत बसवत. हे एकवेळ चाललं असतं. पण ते अनोळखी माणसालाही उठवायचे. भुसावळच्या वाटेवर एका फौजदाराला त्यांनी खांद्याला हात लावून सांगितलं, "भाऊ, अर्धा रस्ता सरना." फौजदारानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, उठला. आबा खिडकीत बसले आणि म्हणाले, "मानूस चांगला शे. फक्त त्याले कोनी सांगेल नव्हतं."

असा हा माणूस. आता माझं सांगतो.

माझा मोठा भाऊ, दादा, नशिराबादला असतो. वडील लवकर गेले. दादानंच मला वाढवलं, शाळेत घातलं. मी शाळा सोडली आणि भांड्यांची पाटी डोक्यावर घेतली, ते त्याला कमीपणाचं वाटलं. तो घरी तसं बोलायचा, मी उलट बोलायचो. एवढ्यावर भागलं असतं. पण एक दिवस नशिराबादच्याच बाजारात मी पाटी मांडून बसलो असताना दादा समोर आला. बरोबर त्याच्या सासरचे दोन पाहुणे होते. मी उठायला लागलो, तर तो परक्यासारखा म्हणाला, "तांब्या कितीला हो?"

लहान भावाला कोणी 'हो' लावतं का?

मी भाव सांगितला. त्यानं कमी करून मागितला. मी एक पैसा सोडला नाही. त्यानं पैसे दिले, मी उरलेले सुटे त्याच्या हातावर ठेवले. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "पोरगा कडक आहे." दादा म्हणाला, "असतात बाजारात असे."

त्या संध्याकाळी मी घर सोडलं. चौदा वर्षं नशिराबादच्या त्या आळीत पाऊल ठेवलं नाही. धुळ्यात राहिलो, पाटीची गाडी झाली, गाडीचं दुकान झालं. दुकानाला मी स्वतःचं नाव दिलं ते दादाच्या कानावर जावं म्हणूनच. जेवायला बसलो की रोज एकदा तरी मी ती गोष्ट काढायचो आणि दादाला शिव्या घालायचो. दुपारचा डबा आबा आणि मी एकत्रच खायचो, त्यामुळे त्यांना ती पाठ झाली होती.

मग एका उन्हाळ्यात पोस्टानं पत्रिका आली. दादाच्या मुलीचं, शकुंतलेचं लग्न. दादा धुळ्यात आमच्या मावशीकडे स्वतः अक्षत घेऊन येऊन गेला होता. मावशीचं घर माझ्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर. आणि सख्ख्या भावाला पोस्टमन.

मी पत्रिका फाडणार होतो. बायकोनं हातातून काढून घेतली. म्हणाली, "मुलीचं काय चुकलं? जायचं आपण."

मुलीचं काही चुकलं नव्हतं. मी घर सोडलं तेव्हा शकू चार वर्षांची होती. माझ्या पाटीतल्या मोठ्या पातेल्यात बसायची आणि चमच्यानं ते बडवायची.

मी दुकानातला सगळ्यात मोठा तांब्याचा हंडा काढला. जायचं तर असं जायचं की मांडवानं बघत राहावं. पण हंडा नुसता मोठा असून भागणार नव्हतं. ज्याच्या दुकानात हिलाल आबा बसतात, त्या सख्ख्या काकाच्या हंड्यावर सप्रेम नाही, हे बायकांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. चौदा वर्षांनी दादाच्या दारात जाऊन तिथं मान खाली घालायची, यापेक्षा न गेलेलं बरं होतं.

"आबा, छिन्नी काढा," मी म्हणालो. "लिहा. चि. शकुंतला हिस काका सुकलाल यांजकडून सप्रेम भेट."

आबांनी हंडा दोन्ही हातांनी फिरवून पाहिला. "प्रेम शे का?"

"मला विचारता?"

"तुले बी इचारनं पडी."

"आहे."

"पोर उंच शे का ठेंगनी?"

मी हंड्याचा काठ पुसू लागलो.

"तिना आवाज कसा शे?"

"आबा, चार वर्षांची होती तेव्हा पाहिलीय. तेव्हा खांद्यावर घेऊन फिरायचो मी तिला."

"तव्हय प्रेम व्हतं," आबा म्हणाले. "ते मी मानस. पन जे व्हतं ते मी लिखस नही."

मी घासाघीस सुरू केली. आयुष्यभर तेच केलं होतं. म्हणालो, काठाच्या आतल्या बाजूला लिहा, बारीक. आबा म्हणाले, मग हंडा भरला की बुडेल. म्हणालो, सप्रेम नको, आशीर्वाद लिहा. आबा म्हणाले, आशीर्वाद डोक्यावर हात ठेवून देतात, पार्सलनं नाही. म्हणालो, मजुरी दुप्पट देतो. तेव्हा आबांनी माझ्याकडे जरा वाईट वाटल्यासारखं पाहिलं.

"सुकलाल, तू भाव वाढाडी ऱ्हायना. म्हंजे माल खोटा शे, हे तुले बी ठावं शे."

मग माझं डोकं फिरलं. आळीतल्या शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल. हे दुकान माझं आहे, तांबं माझं आहे, भाऊ माझा आहे, तुम्ही कोण, उद्यापासून पाय ठेवायचा नाही. आबांनी हातोडी पिशवीत टाकली आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला आले, पोतं झटकलं आणि बसले.

"तुम्हाला काल काय सांगितलं?"

"तू रागमा बोलना. ते खरं नव्हतं."

हंडा कोराच राहिला. दुसऱ्या कोणाकडून नाव घालून घेतलं असतं, पण ते अक्षर आबांचं नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. लग्नाच्या आदल्या रात्रीपर्यंत मी जायचं की नाही ते ठरवत होतो. सकाळी स्टँडवर पोहोचलो तर आबा धुतलेलं धोतर नेसून उभे.

"तुम्ही कुठे?"

"नशिराबादले. लगीनले."

"तुम्हाला कोणी बोलावलंय?"

"तुले तरी कोनी बोलावलं? पोस्टमननी."

बायको पदराआड हसली. मी हंडा मांडीवर घेऊन बसलो. एरंडोलपासून मी वाक्यं जुळवत होतो. दादानं 'ये' म्हटलं तर काय म्हणायचं, तोंड फिरवलं तर काय म्हणायचं. 'तांब्या कितीला हो' याचं उत्तर चौदा वर्षं तयार होतं, त्याला मी शेवटची धार लावून घेतली.

मांडवाच्या तोंडाशी दादा उभा होता. केस पांढरे झाले होते. त्यानं मला पाहिलं, हंड्याकडे पाहिलं नाही. दोन पावलं पुढे आला.

"जेवलास का?" तो म्हणाला.

"नाही अजून," मी म्हणालो.

चौदा वर्षांची सगळी वाक्यं कुठे गेली ते मला आजही कळलेलं नाही. त्यानं माझ्या हातातला हंडा घेतला, कोणाला तरी दिला आणि मला पंगतीत स्वतःशेजारी बसवलं. शकू येऊन पाया पडली. उंच आहे. आवाज जरा घोगरा आहे.

दुपारी आहेर पुकारायला सुरुवात झाली. आमच्याकडे एकजण उभा राहून भांडं उचलतो आणि कोणाकडून काय आलं ते सगळ्या मांडवाला ऐकवतो. त्या दिवशी गावातले एक गुरुजी होते, आवाज खणखणीत. ताटं झाली, घागरी झाल्या, मग त्यांनी माझा हंडा उचलला. "तांब्याचा हंडा, एक," असं म्हणून नाव वाचायला काठाकडे पाहिलं. हंडा फिरवला. पुन्हा फिरवला. उलटा करून बूड पाहिलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. बायकोनं माझा हात धरला होता, मी उठून जाऊ नये म्हणून.

"हा कोणाचा?" गुरुजींनी विचारलं.

दादा उठला. "द्या इकडे," म्हणाला, आणि हंडा स्वतः वर धरला. "हा माझ्या धाकट्या भावाचा. सुकलालचा. धुळ्यात त्याचं भांड्यांचं दुकान आहे. डोक्यावर पाटी घेऊन त्यानं सुरुवात केली, ती इथल्याच बाजारात."

व्याही मंडळी पुढच्या ओळीत बसली होती. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. दादानं त्यापुढे काही सांगितलं नाही. त्या दिवसाबद्दल त्यानं माफी मागितली नाही, अजूनही मागितलेली नाही, आणि ती उधारी मी सोडलेली नाही. पण मांडवात त्यानं ते सांगितलं.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर तो मला पाण्याच्या पिंपाशी गाठून म्हणाला, "तुझे ते आबा बुधवारी येऊन गेले. मला वाटलं होतं, तू मला विसरलास. पत्रिका घेऊन यायचं धाडस झालं नाही माझं, तू दुकानातून हाकलून दिलं असतंस तर? आबा म्हणाले, सुकलाल रोज तुझं नाव काढतो. जेवताना घास हातात थांबतो त्याचा. डोळ्यांना पाणी येतं." दादानं पिंपावरचं झाकण उगाच सरकवलं. "मला माहीत नव्हतं रे."

समोरच्यानं सांगितलेला भाव मी कधी मुकाट्यानं मानलेला नाही. त्या दिवशी मानला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आबा आणि मी निघालो. बायकोला लग्नघरातल्या आवराआवरीसाठी मागे ठेवलं होतं. जळगाव सुटेपर्यंत मी थांबलो, मग म्हणालो, "आबा, तुम्ही बुधवारी छिन्नीला पाणी द्यायला जातो म्हणून गेला होतात."

"दिधं ना पानी. जळगावमा. येताना."

"आणि मी रोज दादाचं नाव काढतो, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काढतस का नही?"

"शिव्या देतो मी त्याला."

"पन नाव काढतस. कसाले काढतस, ते त्यानी इचारलं नही."

"आणि घास थांबतो?"

"शिव्या देवाना टाइमले थांबसच. तोंड एकच शे."

मला हसू यायला लागलं होतं, पण मी ते दाबलं. "आणि डोळ्यांना पाणी येतं, ते?"

आबा हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या बाकाच्या पाठीकडे पाहत राहिले.

"ते खोटं शे," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग आबाच पुढे बोलू लागले. पिंपळनेरला त्यांचा एक भाऊ होता. आई गेली त्यानंतर भावानं देवळात द्यायला मोठी पितळी घागर करून घेतली आणि नाव घालायला आबांकडेच आणली. आपल्या आईचं नाव आपल्याच माणसाच्या हातचं असावं म्हणून. 'मातोश्रींच्या सप्रेम स्मरणार्थ' असं घाल म्हणाला. बाजारचा दिवस होता, चार माणसं उभी होती. आबांनी सगळ्यांसमोर विचारलं, माय वर्षभर अंथरुणावर होती, तू किती वेळा आलास?

"भाऊनी घागर उचलली आन चालना गया," आबा म्हणाले.

"खरं होतं ते?"

"एक बी अक्षर खोटं नव्हतं."

"मग पुन्हा गेला नाहीत त्याच्याकडे?"

"गयथू ना. दोन डाव गयथू. दोन्ही डाव तेच खरं संगे लई गयथू. दुसरं काय नेनं पडस, ते माले ठावं नव्हतं. मंग तो मरना. माले तिसऱ्या दिनले समजनं."

एरंडोल आलं आणि गेलं. उतरणारे उतरले, चढणारे चढले. आबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तू मांडवमा गया तव्हय तुना दादा पहिलं काय बोलना?"

"जेवलास का, म्हणाला."

"आन तू?"

"मी म्हटलं, नाही अजून."

"एवढंच?"

"एवढंच."

आबा 'जेवलास का' हे दोन शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत राहिले. एखादं नवीन नाव भांड्यावर किती जागा घेईल याचा अंदाज घेताना ते असेच पुटपुटायचे. पारोळ्याला गाडी पंधरा मिनिटं थांबली. आबा जागचे हलले नाहीत. सकाळी दादाच्या घरी घाईत त्यांनी नुसता चहा घेतला होता, हे मला तेव्हा आठवलं. मी खाली उतरलो, स्टँडवरच्या हॉटेलातून गरम भजी आणि पाव कागदात बांधून घेतले आणि परत येऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"आबा," मी म्हणालो, "जेवलात का?"

कोणीही काहीही विचारलं की आबा आधी उलट प्रश्न करायचे. त्यांनी वर पाहिलं.

"नही अजून," ते म्हणाले, आणि सरकून माझ्यासाठी जागा केली.